छत्तिसावा नट

चाळकेवाडीच्या सड्यावर वारा
मापात कधी आलाच नाही.
पवनचक्कीच्या पोटातली शिडी चढताना
दिलावरचाचा बोलत नाहीत,
फक्त हूक लावल्याचा आवाज येतो वरून.

दुसऱ्या जोडापाशी, डबा उघडण्याआधी
टॉर्च गोल फिरवतात.
ब्याण्णव नट. प्रत्येकावर एक पिवळी रेघ,
नटावरून उतरून खालच्या लोखंडावर गेलेली.
"रेघ सरळ, तर नट जाग्यावर.
रेघ तुटली, तर समज
रात्रीतनं कुणीतरी न विचारता फिरलंय."

मी कराडच्या आयटीआयचा, पहिलाच महिना.
म्हटलं, अजून आवळतो, जोर आहे अंगात.
त्यांनी पाना काढून घेतला.
"जोर बैलालापण असतो.
बोल्ट ताणलाय, म्हणून धरतोय.
कमी ताणलास, तर वारा आडवा हलवून हलवून
आटे सोडवतो, केसाकेसानं.
जास्त ताणलास, तर तो परत यायचं विसरतो."

एक स्प्रिंग वायसर असतो त्यांच्या खिशात,
पार चपटा झालेला.
"ह्याच्या भरवशावर एकदा झोपलो होतो."
पुढचं सांगत नाहीत.

आधी ब्रश. मग आट्यांना वंगण, तेही बेतानं.
मग समोरासमोरचे दोन-दोन,
टॉर्कचा पाना कट् म्हणेपर्यंत.
कट् म्हटल्यावर हात थांबला पाहिजे.
मला थांबायला तीन आठवडे लागले.

छत्तिसाव्यावरची रेघ गुलाबी आहे,
जराशी चमकणारी.
"मार्कर संपलेला. खिशात यास्मिनची नेलपॉलिश होती,
सकाळीच काढून घेतलेली, बारावीला असली थेरं नकोत म्हणून.
आमचा तेव्हा छत्तीसचाच आकडा."
सहा पावसाळे झाले. यास्मिन आता मिरजेला नर्स आहे.
बाटली परत द्यायची राहिली.

यंदा चाचांची बोटं थरथरतात,
पान्याचं कंपन हातातच राहून गेलंय म्हणतात डॉक्टर.
टॉर्च मी धरतो, पाना मी लावतो.
ते खाली बसून वही सांभाळतात,
आणि केलं नाही ते लिहायचं नाही, हे दरवेळी सांगतात.

परवा ऑफिसातून हुकूम आला:
जुन्या रेघा पुसा, सगळ्या नव्याने मारा.
सगळे आवळून पाहिले. छत्तिसावाही कट् म्हणाला, हलला नाही.
रंग मात्र एक्याण्णवांना दिला.

खाली आल्यावर चाचांनी विचारलं, किती?
ब्याण्णव, म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
आणि लिहायला वही माझ्याकडे दिली.