साडेआठ फूट

ठरावात स्वच्छ लिहिलंय:
गच्चीवर काठी साडेआठ फुटांपेक्षा उंच नको.
चाळीस मीटरची लाट म्हटली की
नुसत्या पाव लाटेलाच तेहेतीस फूट लागतात.
पाठारे म्हणाले, मग लहान लाट घ्या ना, बाई.

उरलेल्या उंचीच्या बदल्यात वेटोळं.
प्लंबरचा पाइप, लोहार चाळीतली तांब्याची तार,
वेढ्याला वेढा टेकू नये म्हणून मधून शिवणाचा दोरा.
बुडाशी नाही बांधलं, काठीच्या कमरेला बांधलं.
डोक्यावर कापड फाडून काढलेली छत्री, उघडीच,
विजेला वर पोचल्यावर हातपाय पसरता यावेत म्हणून.

पहिल्या रात्री काटा एकास एक.
इतका गुणी, की तेव्हाच संशय यायला हवा होता.
छत्तीस वर्षं तारखात्यात बोटं झिजवली,
आणि शंभर वॉट ओतून एका माणसाचं उत्तर नाही.

मग पाठकोऱ्या वीजबिलावर मांडलं:
आकाशाशी बोलणारे ओहम चार.
गच्ची गिळते ते शेहेचाळीस.
बेरीज पन्नास. केबललाही पन्नासच हवे,
म्हणून काटा खूश.
आणि फरशी पडलेली मांजरासारखी,
दूध पिऊन, डोळे मिटून.

रविवारी बी-विंगची तस्नीम आली मदतीला.
काठीच्या पायापासून चोवीस तारा,
टाकीला वळसा घालून, वाळत्या चादरींखालून,
प्रत्येक टोकाला डांबराचा ठिपका.
एक तार पाठाऱ्यांच्या तुळशीमागून गेली, ते सांगितलेलं नाही.

काटा चढला. पावणेतीन.
तस्नीमचा चेहरा उतरला. बिघडलं?
मी हसले. अगं, फरशीचं खाणं कमी झालं,
म्हणून तो कुरकुरतोय.
आठाचे बावीस वॉट झाले. बावीस!
तिला ते फार वाटले नाहीत.

खाली शिवडीची खाडी.
तिच्या खाऱ्या वाऱ्याने माझ्या खिडकीचे गज खाल्ले,
दोनदा बदलले.
तेच खारं पाणी आता लाटेला
पाठीवर घेतं, क्षितिजालगत, आडवं,
पूर्वेकडे.

सव्वातीनला पेनांगहून कुणीतरी.
रेघा जरा लांबवणारा हात, म्हातारा असावा.
नाव, गाव, हवा. मग विचारलं, अँटेना कोणती?
मी पाठवलं: छत्री.
त्याने प्रश्नचिन्ह पाठवलं.
मी पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून:
छत्री.