मोरचूद

आंब्याखाली दुपारी एकदाच पडतो उन्हाचा तुकडा
आणि तोही लगेच विहिरीकडं सरकतो.
तिथं वाफा केला मी, रिटायर झाल्यावर.
कचोरा, काळी हळद, रानआलं, कडेनं कळलावी.
कंद आणले राजूबाई तोडसामनं,
किनवटच्या बाजाराला येताना, सागाच्या पानात बांधून.
म्हणाली, "लावायचं अन् इसरायचं, सिस्टर.
हिवाळ्यात मेल्याचं सोंग करतंय. उपटू नका."

चार वर्षं केलं त्यानं सोंग
आणि दर ज्येष्ठात वर आलं, आधीपेक्षा दाट.

यंदा भादव्यात ठिपका.
मोहरीएवढा, मग मसुरीएवढा,
मधे राखाडी, भोवती पिवळं कडं,
पानापानावर कुणी विडी विझवून गेल्यासारखा.

एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली मी.
कात्री उकळली, पानं कापली, जाळली.
शंभर ग्रॅम मोरचूद एका बादलीत, शंभर ग्रॅम चुना दुसरीत,
दोन्ही धारा एकदम तिसरीत.
विळा बुडवून पाहिला:
पातं तांबूस झालं, चुना कमी पडला.
आणखी घातला. पातं पांढरंच राहिलं.
फवारलं. नखं आठवडाभर निळी.

तरी ठिपका पुढंच.

राजूबाई आली. पानांकडं बघितलंच नाही तिनं,
माझ्या निऱ्यांकडं बघितलं, गुडघ्यापर्यंत ओल्या.
"कव्हा शिरता आत?"
पहाटे, म्हटलं. दव असतं, बरं वाटतं.
ती काही बोलली नाही.
नुसता हात फिरवला हवेत:
नळापासून कळलावीपर्यंत, मग वळून विहिरीकडं.
ठिपके तेवढेच होते. माझ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना,
पाऊल न् पाऊल.

किती बाळंतिणींच्या सासवांवर ओरडले असेन मी,
हात धुतल्याशिवाय पोराला शिवू नका म्हणून.

सगळं जमिनीलगत कापलं.
धुराला कापराचा वास होता, डोळे चुरचुरले.
राजूबाईनं एक कंद उकरला,
अंगठ्याचं नख रोवलं. आत निळं.
मोरचुदाहून गडद, ओलं.
"जित्तं हाय," म्हणाली, आणि माती लोटली परत.

आता नऊपर्यंत दव सुकत नाही.
मी पायरीवर बसते, पदर खोचून.
चहा निवतो.
वाफ्यात काहीच दिसत नाही,
तरी पाय दोनदा चपलेत जातात.