काळी दोनचा पंखा

स्वान्सीच्या रिटेल पार्कात, शनिवारी दुपारी,
दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे.
रंग तोच, जाडी तीच, बटणांचा आवाजही तोच.
फरक आत आहे, नखाएवढ्या जागेत,
आणि बाहेर, किमतीच्या चिठ्ठीवर: दोनशे तीस पौंड.

ऱ्हीस नावाचा मुलगा, गळ्यात दुकानाची फीत,
मला मागच्या वर्षीची पिढी आणि यंदाची पिढी समजावतो.
पिढी म्हणतो तो बारा महिन्यांना.
आमच्याकडे तेवढ्यात भोपळासुद्धा धड वाळत नाही.

मी त्याला सांगत नाही की मीही हेच करते,
सोमवार ते शुक्रवार, मार्केटमागच्या गल्लीत.
कानाची यंत्रं विकते.
मिसेस बेनन, वय एक्क्याऐंशी, पर्स मांडीवर घट्ट धरून,
विचारत होत्या, नव्या चिपमध्ये काय जास्त ऐकू येतं गं?
मी म्हटलं, गर्दीत, हॉटेलात, वाऱ्यात.
त्या म्हणाल्या, गर्दीत मी जात नाही. वारा मला पाठ आहे.
किटली आणि बहीण, एवढंच हवंय.
जुनं घेऊन गेल्या. माझं कमिशन बुडालं
आणि त्या दिवशी मला त्यांचा थोडा रागच आला.

आता पर्स माझ्या मांडीवर.

घरचा लॅपटॉप सात वर्षांचा.
रिपोर्ट लिहिताना गप्प, पण व्हिडिओ कॉल लावला
की पंखा असा घोंगावतो, मांजर उठून जातं.
रविवारी पडद्यावर मिरज उजाडतं:
अब्बा, पुढ्यात आडवा तंबोरा, हातात कानस.
घोडी घासतात, तार छेडतात, थांबतात, पुन्हा घासतात.
कानसेत कान आहे हे मला सुचलं
ते थेट इथल्या कॉलेजात, ऑडिओलॉजीच्या वर्गात.

यंदाच्या चिपमध्ये, ऱ्हीस सांगतो, एक वेगळा कोपरा आहे.
बोलणं तेवढं ठेवतो, बाकी गोंगाट आपोआप पुसतो,
तुमचाही, समोरच्याचाही. बघा करून.

मी तिथूनच अब्बांना लावते.
चित्र लख्ख. भुवईतला भुसासुद्धा दिसतो.
बोट तारेवर जातं. मी कान टवकारते.
बोट चारही तारांवरून फिरतं
आणि काही येत नाही.
मग खोकला येतो, स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा.
मग, “खुलली का गं जवारी?”

फ्रिजची घरघर समजून पुसलं होतं त्यानं.

ते बंद करता येतं, ऱ्हीस घाईनं म्हणतो, सेटिंग्जमध्ये.
येत असणार.
पण जे बंद करायचं त्याचेच दोनशे तीस?
खरं तर नुसते त्याचे नाहीत.
बॅटरी दिवसभर पुरते, मांडी भाजत नाही,
सहा वर्षं चाललं तर दिवसाला दहा पेन्स.
हा हिशेब मला येतो. मीच तो लोकांना घालते.

अब्बांना म्हणाले, खुलली.
खोटं.

बसमधून रिकाम्या हातांनी परत.
ओहोटी, मैलभर ओली वाळू, एक माणूस आणि कुत्रा.
घरी येताच जुन्यावरून लावला.
मिरजेत जेवणं आटपली होती.
अब्बा, पुन्हा एकदा छेडा.
आलं. फाटकं, पंख्यात कालवलेलं, पण आलं.
म्हटलं, खर्ज अजून कोरडा आहे.
मला वाटलंच, म्हणाले. मग मान तिरकी करून,
“तुझा तो पंखा काळी दोनला लागतोय.
जरा उतरलाय. साफ करून घे.”

ऱ्हीसची ऑफर मंगळवारपर्यंत आहे.