जमीन दोन बोटं

एस्पान्योलात, नदीकडच्या कच्च्या गल्लीत,
पत्र्याच्या शेडमध्ये
एक्कावन्न सालची शेवरोले चार घोड्यांवर उभी आहे.
मागची चाकं काढलेली.
मी तिच्या पोटाखाली, उताणी,
हनुवटीला ग्रीस.

डिकीतून सहा पोती निघाली.
उंदरांनी कुरतडलेली, शिवण उसवलेली,
रिओ ग्रांदेची वाळू.
बाबांनी भरली होती सत्तरच्या उन्हाळ्यात,
पैसे नव्हते आणि वाळू फुकट.
तेवढ्यानं शेपूट झुकायची.
मग रविवारी मोठ्या रस्त्यावरून बैलाच्या चालीनं जायचं,
कोपर खिडकीबाहेर,
स्वर्ग दोन बोटं
आणि जमीनही.

"वाळू काय वाईट होती, ओतिलिया?"
दारातल्या खुर्चीतून क्रेसेन्सियो मोन्दरागोन विचारतात.
उत्तर द्यायला तोंड मोकळं नाही,
दातांत टॉर्च आहे.

बोल्ट गंजाला चिकटून बसलेत.
रॉकेल, हातोडी, शिवी, पुन्हा रॉकेल.
शेवटी आग.
एकेक पाटा सुटून फरशीवर पडतो.
कमान होती ही कधी काळी.
वाळूनं उलटी केली.

खरी अडचण वेगळीच होती, बाबा.
गाडी खाली बसली की एक्सल वर येतो
आणि वर चासी आहे. जागाच नाही.
म्हणून तर दर खड्ड्याला ठण्ण व्हायचं,
आई डोळे मिटून घ्यायची
आणि तुम्ही रेडिओ मोठा करायचात.

आता चासी कापायची.
हे म्हणणं सोपं आहे.
खोक्याच्या पुठ्ठ्यावर खाच आखली,
अर्ध्या भाकरीएवढी,
पुठ्ठा लावून पाहिला, काढला, परत लावला,
दोन दिवस नुसती कॉफी प्यायले.
तिसऱ्या दिवशी ग्राइंडर.
ठिणग्या बाबांच्या बुटांपर्यंत गेल्या,
त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

खाचेवर पाव इंची पोलादाचा पूल.
खाली दोन दांडे सरळ,
वर दोन तिरके, आत झुकलेले,
एक्सलनं पुढेमागे, डावीउजवीकडे भटकू नये म्हणून.
पाट्यांच्या जागी रबरी फुगे.
आधी फक्त टाके मारायचे,
पक्की शिवण मागाहून.
हे मला वर्कशॉपनं नाही शिकवलं.
आई लग्नाचे झगे शिवायची,
कच्चे टाके घालून नवरीला म्हणायची,
आता बस. आता वाक. आता श्वास घे.

एक्सलच्या नाकाचा कोन:
माझ्या फोनवर तीन अंश,
बाबांच्या जुन्या पितळी लेव्हलवर अडीच.
यावर आम्ही संध्याकाळभर भांडलो.
लेव्हल बरोबर होती.

गुरुवारी चाकं चढली, घोडी निघाली.
कॉम्प्रेसर घरघरला,
मी बटण दाबलं,
सुस्कारा टाकत गाडी खाली बसली,
कुठे ठण्ण नाही, कुठे घासलं नाही.
बाबा खुर्चीतून उठले,
मागच्या बंपरपाशी आले, गुडघा टेकला
आणि बोटं आडवी घातली तिच्या खाली.
दोन.
बराच वेळ तसेच.

मग कळलं, त्यांना उठता येत नाहीये.
डावा गुडघा गेल्या हिवाळ्यापासून ऐकत नाही.
मी पुढे झाले तर हात झटकला.
बंपर धरून नुसते बघत राहिले माझ्याकडे,
मी बघितलं बटणाकडे.

हवा भरली, हळूहळू.
गाडी उठली
आणि तिच्याबरोबर बाबा,
इंचाइंचानं, कण्हत, हसत,
ताठ होईपर्यंत.

रात्री दिवे मालवायला गेले
तर डिकीत एक पोतं परत ठेवलेलं,
फाटकी बाजू तारेनं शिवलेली.
मी काही म्हटलं नाही.
मागच्या फुग्यांत
पाच पौंड हवा वाढवली.