बिल्ला नंबर दोनशे तेरा

पहाटेचे सव्वातीन.
लिएपायाच्या बंदरावरचा वारा
खिडकीच्या फटीत शीळ घालतोय
आणि एवियाच्या पडद्यावर तेच वाक्य :
‘या पानानं तुम्हाला फार वेळा दुसरीकडे पाठवलं.’

फार वेळा म्हणजे किती?
तिनं मोजलं. वीस.
वीस वेळा दारापर्यंत, वीस वेळा माघारी,
आणि मग ब्राउझरनंच हात टेकले.

काल दुपारपासून पॉलिक्लिनिकच्या साइटवर
कुणालाच वेळ घेता येत नाही.
ओयार्स नावाच्या म्हाताऱ्यानं तीनदा फोन केला,
जन्मभर ट्रॉलरवर जाळी ओढलेला, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
‘बटण मी बरोबर दाबतोय, बाई,
तेच मला आत घेत नाही.’

प्रमाणपत्र पाहिलं : मार्चपर्यंत शाबूत.
कीस्टोअरचा पासवर्ड : बरोबर.
आठ हजार चारशे त्रेचाळीस नंबरच्या पोर्टवर
कुणी ऐकत नाही,
पण तिथं ऐकायचं कारणच उरलं नाही, उल्डिस म्हणाला होता,
‘कुलूप आता पुढच्या फाटकावर. आत सगळं मोकळं.’
म्हणाला, आणि रीगाची शेवटची बस पकडून गेला.

लॉगमध्ये एकाखाली एक
तीनशे दोन, तीनशे दोन, तीनशे दोन,
आणि प्रत्येकाच्या पुढे पत्ता :
एचटीटीपी, कोलन, दोन तिरक्या रेघा.
एस नाही.
ध चा मा झाला असता तर डोळ्यांत भरला असता.
इथं कुणी काही खोडलेलं नाही,
एक अक्षर नुसतं आलेलंच नाही.

तिनं फिल्टरमध्ये एक ओळ घातली,
आलेल्या प्रत्येक विनंतीला विचारलं :
सुरक्षित आलीस?
उत्तर : नाही.
‘खोटारडी,’ एविया मोठ्यानं म्हणाली, रिकाम्या ऑफिसात.

खोटं नव्हतं ते.
दिसलं तेवढंच सांगत होतं बिचारं.

एवियाची आई, वेल्टा,
एकोणीस वर्षं थिएटरच्या कोटखिडकीत बसते.
ओले, जड, लोकरीचे, कुत्र्याच्या केसांचे कोट
लोक तिच्या हातात देतात आणि शर्टावर आत जातात.
आता समजा,
आतल्या दारावर एखादा नवा पोरगा उभा केला
आणि त्याला बजावलं :
बाहेर उणे अठरा आहे, बिनकोटाचा कुणी आला
तर परत पाठव, कोट घालून ये म्हणावं.
झालं!
माणूस परततो, कोट घालतो, येतो,
वेल्टा कोट काढून घेते,
पोरगा म्हणतो, कोट?

वीस वेळा.

एविया हसली. मग हसायची थांबली,
कारण आई कोट घेते तेव्हा
हातावर काहीतरी ठेवतेच की.

म्हणून फाटकाला सांगितलं :
ज्याचं कुलूप तू उघडतोस
त्याच्यासोबत चिठ्ठी दे, तो कसा आला त्याची.
आणि आत टॉमकॅटला : ती वाच.
पण आपल्याच फाटकाची असेल तर मान,
रस्त्यावर कुणीही पितळ ठोकून देतं.

एकूण एक ओळ. सर्व्हरच्या एक्सएमएलमध्ये,
होस्टच्या आत.
चार वाजून दहा मिनिटं.
जावाला जागं व्हायला चाळीस सेकंद लागतात,
तेवढ्यात कॉफी सांडली.

सहा वाजून दोन मिनिटांनी पहिली नोंद :
ओयार्स. डोळे. गुरुवार.
आडनावात एक चूक, त्याची त्यानं केलेली.
तिनं ती तशीच राहू दिली.

निघताना कोट चढवला, किल्लीसाठी खिसा चाचपला,
अस्तराच्या भोकातून हाती आला
गार, गोल, पितळी : दोनशे तेरा.
ऑक्टोबरातलं नाटक.
बिल्ला न मागताच आईनं तिचा कोट पुढे केला होता,
गर्दीत, मान वर न करता.

आणि तेव्हापासून दर रविवारी जेवताना
आई विचारते आहे,
दोनशे तेरा कोण घेऊन गेलं?