बास्टर्ड कानस

हे नाव पुस्तकातच आहे, मी ठेवलेलं नाही.
दर ऑगस्टात नवी बॅच, फिटर ट्रेडचा पहिला तास,
मी फळ्यावर लिहायची: चपटी, बारा इंची, बास्टर्ड.
मागच्या बाकावरून फिस्स.
हसू द्यायची. मग म्हणायची,
चला पोट्टेहो, व्हाइसला लागा,
आता ती तुमच्यावर हसंल.

बावीस वर्षं हसली.
कामठीचे, उमरेडचे, मौद्याहून पहाटेच्या एसटीनं येणारे,
सगळ्यांनी तिच्यावर भार टाकला.
पुढे जातानाच कापते, येताना उचलायची:
एवढं एकच मी शिकवत आले
आणि एवढंच कोणी ऐकलं नाही.
मधले दात गेले. भंगाराच्या यादीत
अनुक्रमांक एकोणचाळीस, खाली माझीच सही.
निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला.
ही मी विकत घेतली, किलोच्या भावानं.
पावती आहे.

गच्चीवर, रात्री.
लोखंडाचा रंग उन्हात दिसत नाही,
आणि मे महिन्यात इथं दिवसा गच्चीवर जातं कोण?
फुटक्या कुंडीत कोळसा, फुंकायला भाचीचा हेअर ड्रायर.
आधी लाल केली, राखेत पुरली, झोपले.
सकाळी तिच्याच जातीची नवी कानस
तिला खाऊ लागली.
दोन तुकडे. दोन पाती, करंगळीहून थोडी मोठी.
पाठीवरच्या जुन्या दातांच्या रेषा
राहू दिल्या.

पुन्हा लाल. चुंबक धरलं, चिकटेना.
त्या घटकेला पोलाद कुणाला ओळखत नाही,
तेवढ्यात बुडवायचं.
याला पाणी देणं म्हणतात, डब्यात जवसाचं तेल असलं तरी.
टिक्.
काचेची बांगडी वाढवावी तसा आवाज.
पहिलं पातं गेलं. तेल गार होतं,
मला घाई होती, आणि ओरडायला समोर
पोट्टं एकही नव्हतं.

दुसरं टिकलं. पण असं पातं रागावलेलं असतं,
फरशीवर पडलं तर दोन.
ते घेऊन मोमिनपुऱ्यात, हबीबभाईंच्या भट्टीवर,
नानखटाईचा शेवटचा पत्रा निघाल्यावर.
"कितनी देर, मॅडम?"
म्हटलं, तुमच्या नानखटाईचा रंग येईपर्यंत.
चष्मा लावून त्यांनी दोनदा डोकावलं,
आणि माझ्याआधी तेच म्हणाले, "बस, निकालो."

मुठीला काटोलच्या बागेतलं वठलेलं संत्र्याचं खोड,
पिवळसर, घट्ट, पॉलिशला उशिरा वश होणारं.

चामडं फगनलालकडचं, गड्डीगोदामच्या पुलाखाली.
टांग्याच्या घोड्याचा पट्टा, टांगा कधीच मोडलेला.
दोन सुया, एक दोरा,
एकाच भोकातून समोरासमोर येणाऱ्या.
माझा तिसरा टाका तिरपा गेला,
त्यानं उसवून परत माझ्याच हातात दिला.
पातं दुधाच्या पिशवीत गुंडाळून ओल्या चामड्यात दाबलं,
अंगठ्यानं कडा बसवल्या.
सावलीत ठेवलं तरी तासाभरात वाळून आकार धरला.
म्यान म्हणावं तर तलवार आठवते,
कव्हर म्हणावं तर चौथीची वही.
फगनलाल म्हणाला, घर म्हणा.
चष्म्याचं असते नं, तसं.

शेजारच्या वत्सला हेडाऊ विचारतात,
एवढीशी सुरी काय कामाची वं?
संत्र्याला तं सुरी लागतच नाही.
खरं आहे.
आतापर्यंत सुतळी कापली, दोन पेन्सिली,
कुरियरचे खोके, आणि कूलरचा वाळा बांधताना
माझं बोट, थोडंसं.

परवा झाशी राणी चौकात हंसराज शेंडे भेटला,
दोन हजार नऊची बॅच, मौद्याचा.
पर्समधून काढून दाखवली.
पाठीवरच्या रेषा पाहिल्या आणि फिस्सकन हसला,
तेच हसू, आता मिशीखालून.
मग अंगठा ठेवून रेषांवरून पुढे नेला,
उचलला,
पुन्हा मागे ठेवला, पुढे नेला,
उचलला.

मेट्रोच्या डेपोत ड्यूटी होती त्याची, दोनची.
गेला.