किती खातो, रात्री जागतो का

पुंता अरेनासचा वारा असा, की माझ्या दुकानाचं दार
आधी वारा उघडतो,
मग गिऱ्हाईक.
त्या दिवशी मागोमाग आली एर्सिलिया बार्रिया,
कोटाच्या आत लॅपटॉप धरून,
थंडीत जन्मलेलं कोकरू धरावं तसा.

"मुदत संपलीय म्हणतो हा. अकरा दिवस झाले,
रोज सकाळी म्हणतो, मी देणेकरी असल्यासारखा."
स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल चौकोन, उद्गारचिन्ह,
खाली दर: एका वर्षाचा, तीन वर्षांचा,
अख्ख्या कुटुंबाचा.
"कुटुंब म्हणजे मी. मला स्वस्तात पडायला हवं."

मी काउंटरवर खोकी मांडली, सांगू लागलो,
हे फायली तपासतं, हे मेल चाळतं, हे...
तिनं हात वर केला.
साठ वर्षं मेंढरांत गेलेला हात,
त्यापुढे कळपही थांबत असेल.
"कुत्राच दाखवतोयस ना? मग कुत्र्यासारखं सांग.
किती खातो?"

हा जरा जास्त. तुमच्या एवढ्याशा यंत्रात
निम्मं ताट ह्याचंच.
"रात्री जागतो का?"
जागतो. पण दर मंगळवारी दुपारी
सगळं कुरण हुंगत फिरतो, तेव्हा
साधं पत्र लिहायला घ्याल तर अक्षर उमटायला पाच मिनिटं.
"ओळखीच्यावर भुंकतो?"
एकदा बँकेवर भुंकला होता.
"बरोबरच आहे त्याचं. आणि हा, फुकटातला?"
तो तुमच्यावरच भुंकतो, बाई,
माझ्या महागड्या भावाला घेऊन या म्हणून.

हसली. दात कमी, हसू पुरेसं.
"आमच्याकडे मोरो होता. दिसायला वाघ.
चोर आले त्या रात्री गाडीखाली सापडला, थरथरत.
आणि चिस्पा, एक कान फाटका.
भुंकायची नाही. उठून उभी राहायची.
तेवढंच."

विकायला बसलोय खरा, पण खोटं बोलवेना.
यंत्रासोबत आलेला राखणदार आत आहेच, म्हणालो,
ह्या लाल चौकोनवाल्यानं झोपवून ठेवलाय.
ह्याला काढलं की तो उठेल.
अपडेट तेवढे टाळू नका.

ती गप्प. बाहेर पाटी करकरली.
"आणि फाटक मीच उघडलं असेल तर?"

जूनमध्ये फोन आला होता,
साडेपाचलाच काळोख पडतो तेव्हा.
कंपनीतून बोलतोय, तुमचं यंत्र आजारी आहे.
"आधी यंत्राची चौकशी केली, मग माझ्या गुडघ्याची.
गुडघ्याची कुणी केली नव्हती ईस्टरपासून.
तो सांगेल ते आकडे एकेक टाकत गेले.
बाण आपला आपण फिरायला लागला,
आणि मी त्याला म्हणाले, पोरा, दमला असशील,
चहा घेऊन ये, मी थांबते."

किती गेले ते तिनं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
खोक्यांवर बरंच छापलेलं असतं,
नव्व्याण्णव टक्के आणि पुढे दशांश.
गोड आवाजाबद्दल एक ओळ नाही.

"कुत्रा तरी काय करणार बापडा,
मालकीणच या म्हणतेय म्हटल्यावर
शेपूटच हलवणार."

लाल चौकोन काढला.
त्या आवाजानं आत ठोकून ठेवलेली खुंटीही सापडली,
उपटली. पासवर्ड तिनं पाठ करून, माझ्याकडे पाठ करून टाकले.
कोपऱ्यात एक बारीक हिरवी खूण आली.
"हाच का? फार बोलत नाही."
नाही.
"मग राहू दे," म्हणाली, आणि पैशांऐवजी
करड्या लोकरीच्या मोज्यांचा जोड काउंटरवर ठेवून
वाऱ्यात तिरकी चालत गेली.

रात्री माझं यंत्र उघडलं.
अपडेट बाकी, चौदा महिने.
'नंतर आठवण करा'वर बोट सवयीनं गेलंच होतं.
पायात तिचे मोजे.
बसलो मग, टक्के वाढताना बघत.
चाळीसवर असताना फोन वाजला, अनोळखी नंबर.
माझाही गुडघा दुखतो हल्ली.
वाजू दिला.